केंब्रिजला दोन दिवस : पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय, कधी आणि कसं बघायचं

आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे आले तेव्हा बाबांची एकच फर्माईश होती, लंडन नंतर बघू, आधी मला केंब्रिज दाखव. केंब्रिजला गणितात पहिले आलेले रँग्लर परांजपे, हे नाव त्यांनी शाळेत गणिताच्या सरांकडून इतक्यांदा ऐकलेलं की ते गाव त्यांच्या मनात पन्नास वर्षं घर करून होतं. शनिवारी सकाळी आम्ही उत्साहात पोचलो आणि एकेका कॉलेजच्या दारावर पाटी, परीक्षा चालू आहेत, बाहेरच्यांना प्रवेश बंद. बाबा एका फाटकातून आतली हिरवळ बघत बराच वेळ उभे होते, ते अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. सहा महिन्यांचा व्हिसा होता म्हणून बरं, ऑक्टोबरमध्ये परत गेलो, यावेळी नीट माहिती काढून आणि एक रात्र राहून, आणि तेव्हा कुठे केंब्रिज दिसलं. तुमच्याकडे दुसऱ्यांदा जायला वेळ नसणार म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवा

आपल्याकडे युनिव्हर्सिटी म्हटलं की एक मोठं गेट, आत कॅम्पस, मधे मेन बिल्डिंग असं चित्र असतं. इथे तसं काही नाही. गावभर पसरलेली ३१ कॉलेजं आहेत, प्रत्येकाचं स्वतःचं गेट, बहुतेकांचं स्वतःचं चर्च, स्वतःची बाग, स्वतःचे नियम, आणि मधून मधून दुकानं, बाजार, बसस्टॉप, लोकांची घरं. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी भांडण होऊन काही मास्तर-विद्यार्थी पळून इथे आले तिथून हे सुरू झालं, आणि सगळ्यात जुनं कॉलेज पीटरहाऊस १२८४ चं, म्हणजे इकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाचं. त्यामुळे "युनिव्हर्सिटीचं तिकीट" असं काही मिळत नाही, ज्या कॉलेजात जायचं त्याची वेबसाइट वेगळी उघडायची.

गेटवर जी माणसं बसलेली असतात त्यांना पोर्टर म्हणतात, आपल्या स्टेशनवरचे पोर्टर ते हे नव्हेत, कॉलेजची सगळी व्यवस्था त्यांच्या हातात असते आणि आत काय उघडं आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. हसून गुड मॉर्निंग म्हणा आणि विचारा, मदत करतात. आतल्या हिरवळीवर मात्र पाय ठेवायचा नाही, तो मान बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या फेलो मंडळींचा, म्हणजे तिथल्या प्राध्यापक-संशोधकांचा, विद्यार्थीसुद्धा कडेच्या दगडी वाटेने जातात. लहान मुलं बरोबर असतील तर आत शिरायच्या आधीच सांगून ठेवा, कारण ते गवत बघून पळावंसं वाटतंच.

तारीख ठरवणं हे निम्मं काम

इथली शैक्षणिक वर्षाची तीन सत्रं असतात, ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात, जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, आणि एप्रिलअखेर ते जूनचा मध्य. यातलं शेवटचं परीक्षांचं, त्यामुळे साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बरीच कॉलेजं बाहेरच्यांना बंद असतात, आणि नेमके तेच आपल्या शाळांच्या सुट्टीचे दिवस, भारतातून येणारी निम्मी मंडळी तेव्हाच येतात! जूनअखेर पदवीदान असतं, तेव्हा काळे गाऊन घातलेली मुलं रांगेने सेनेट हाऊसकडे जाताना दिसतात, बघायला छान पण हॉटेलं महाग.

जुलै-ऑगस्टमध्ये दारं उघडी असतात, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण गर्दी फार आणि कॉलेजच्या प्रसिद्ध गायकवृंदांना सुट्टी. मला विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या, सत्र चालू असतं, झाडं पिवळी-लाल झालेली असतात, विद्यार्थी सायकलवरून धावत असतात, गाव जिवंत असतं. फेब्रुवारी-मार्चही चालेल. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या पुढे-मागे सूर्य मावळतो, दिवस हातात येत नाही. आणि वार कुठलाही धरा पण दोन दिवसांतला एक सोमवार नको, कारण फिट्झविल्यम म्युझियम आणि केटल्स यार्ड ही आर्ट गॅलरी दोन्ही सोमवारी बंद.

जायचं कसं

लंडनहून किंग्ज क्रॉस स्टेशनवरून थेट फास्ट गाडी साधारण ५० मिनिटांत पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही गाड्या आहेत पण त्या सावकाश, सव्वा तासाच्या आसपास लागतो, तुम्ही पूर्व लंडनमध्ये उतरला असाल तरच त्या सोयीच्या. सकाळच्या ऑफिसच्या वेळेत तिकीट महाग असतं, त्यामुळे आठवड्याच्या दिवशी ऑफ-पीक सुरू झाल्यावरची गाडी घ्या, शनिवार-रविवारी तो प्रश्न नाही. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह नावाची सवलत मागा, तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो, ती आपोआप लागत नाही, तिकीट काढताना निवडावी लागते, आणि हे माहीत नसल्यामुळे खूप कुटुंबं पूर्ण पैसे भरतात म्हणून जोर देऊन सांगतेय. विमानाने स्टॅनस्टेडला उतरत असाल तर लंडनला जायची गरजच नाही, तिथून थेट गाडी अर्ध्या-पाऊण तासात केंब्रिजला येते. हीथ्रोवरून थेट कोच असतो.

गाडी घेऊन येणाऱ्यांनी गावात शिरायचा हट्ट करू नका. गावाच्या चारही बाजूंनी पार्क अँड राइड आहेत, एकूण पाच, तिथे गाडी लावून बसने आत यायचं. आतले रस्ते अरुंद, पार्किंग महाग, आणि सायकलवाले सगळीकडून येतात.

स्टेशन गावाच्या मध्यापासून लांब आहे, चालत वीस-पंचवीस मिनिटं. सामान असेल तर बस घ्या, कार्ड टॅप केलं की झालं. पण सामान नसेल तर चालाच, कारण स्टेशन रोड संपतो तिथेच युनिव्हर्सिटीचं बोटॅनिक गार्डन आहे, ४० एकर, १८४६ पासूनचं, आणि पुढे पार्कर्स पीस नावाचं मोठ्ठं मैदान. क्रिकेटवाल्यांनी इथे दोन मिनिटं थांबा. आपण ज्यांच्या नावाची ट्रॉफी खेळतो ते रणजितसिंहजी विद्यार्थी असताना या मैदानावर खेळायचे. साधं गवत आहे, कुंपणसुद्धा नाही, मधल्या दिव्याच्या खांबाजवळ मुलं अजून स्टंप ठोकून खेळतात.

एक रात्र राहाच

बहुतेक लोक लंडनहून सकाळी येतात, चारला परत जातात. हे करू नका असं मी कळकळीने सांगते. सकाळी अकरा ते दुपारी चार किंग्ज परेड या मधल्या मुख्य रस्त्यावर मुंगीला जागा नसते, आणि साडेपाचनंतर तेच गाव इतकं शांत होतं की दगडी रस्त्यावर आपल्याच चपलांचा आवाज येतो. सकाळी साडेसात-आठला तर काय विचारू नका.

सुट्ट्यांमध्ये कॉलेजं स्वतःच्या खोल्या भाड्याने देतात, त्यासाठी युनिव्हर्सिटी रूम्स नावाची वेबसाइट आहे. खोली साधी, पलंग-टेबल-खुर्ची, कधी बाथरूम कॉरिडॉरमध्ये, पण सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये नाश्ता करायला मिळतो तो अनुभव हॉटेलात नाही. सत्र चालू असताना त्या फार मिळत नाहीत, मग चेस्टरटन रोडच्या बाजूची गेस्ट हाऊस बघा, नदीपलीकडे आहेत आणि चालत पंधरा मिनिटांत मध्यावर येता. वयस्कर मंडळी असतील तर तळमजल्याची खोली बुकिंगच्या वेळीच मागा, जुन्या घरांत लिफ्ट नसते.

पहिला दिवस

दुपारी बारापर्यंत पोचा, बॅग ठेवा, आणि ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरून चालायला सुरुवात करा. रस्त्याच्या दोन्ही कडांना उघड्या दगडी चऱ्या दिसतील, त्यात बऱ्याचदा स्वच्छ पाणी वाहत असतं. आमच्या आईला बघताक्षणी कोकणातले पाट आठवले, आणि खरोखर ते पाटच आहेत, १६१० च्या दशकात गावाबाहेरच्या झऱ्यांचं पाणी आणायला काढलेले, हॉब्सन नावाच्या माणसाच्या नावाने ओळखतात. फोनमध्ये बघत चालू नका, पाय आत जातो.

याच रस्त्यावर फिट्झविल्यम म्युझियम आहे, फुकट, रविवारी मात्र दुपारी बाराला उघडतं. इजिप्तच्या रंगीत शवपेट्यांपासून मोनेपर्यंत सगळं आहे, सगळं बघायला जाऊ नका, तास-दीड तास पुरे. आणि बाहेर पायऱ्यांवर आलात की समोर बघा. जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून केंब्रिजला आले ते फिट्झविल्यम हाऊसमध्ये, ते तेव्हा या म्युझियमच्या समोरच होतं, कॉलेज आता हंटिंग्डन रोडला गेलंय. पुढे ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले, म्हणजे तुम्ही पुढे दहा मिनिटं चालणार तेवढंच ते अंतर, पण किती मोठं!

पुढे कोपऱ्यावर कॉर्पस क्लॉक, सोन्याचा मुलामा दिलेली मोठी तबकडी आणि वर एक भयंकर नाकतोडा जो क्षण खात खात पुढे सरकतो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगनी त्याचं अनावरण केलं. हे घड्याळ मुद्दाम अडखळतं आणि दर पाच मिनिटांनी एकदाच बरोबर वेळ दाखवतं. समोरच्या बेनेट स्ट्रीटमध्ये ईगल पब आहे, १९५३ च्या फेब्रुवारीत फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञाने इथे येऊन जीवनाचं रहस्य सापडलं म्हणून सांगितलं, म्हणजे डीएनएची रचना. मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी लायटर-मेणबत्तीच्या धुराने लिहिलेली नावं अजून आहेत. पब आहे म्हणून बिचकू नका, जेवणाच्या वेळी मुलाबाळांना घेऊन लोक येतात.

मग किंग्ज कॉलेज चॅपल. एकच तिकीट काढणार असाल तर हे काढा, ऑनलाइन, वेळ निवडून. (गूगलवर किंग्ज कॉलेज टाकलं की लंडनचं पण येतं, ते वेगळं, केंब्रिजचंच आहे ना ते तपासा.) १४४६ ला काम सुरू झालं, मधे राजघराण्यांच्या लढाया, राजाच पदच्युत, पैसे संपले, काम थांबलं, असं करत दगडी काम संपलं १५१५ ला. बाहेरून भिंतीकडे नीट बघितलं तर खाली पांढुरका दगड आणि वर वेगळ्या रंगाचा, कुठे थांबलं होतं ते दिसतं. आत गेल्यावर वर बघा, ८८ मीटर लांब हॉल आणि वर २४ मीटरवर दगडाचे पंखे उघडल्यासारखं छत, अशा प्रकारातलं जगातलं सगळ्यात मोठं. लोक ते बघून फोटो काढून निघतात. तुम्ही मधल्या काळपट लाकडी पडद्याजवळ जा आणि कोरीव कामात एच आणि ए ही अक्षरं शोधा. राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी अॅन बोलिन यांची ती अक्षरं. १५३६ साली त्याने तिचा शिरच्छेद करवला, अक्षरं मात्र तशीच राहिली. आम्हाला ती सापडायला दहा मिनिटं लागली, तिथल्या एका स्वयंसेवक आजींनी बोट दाखवलं.

संध्याकाळ : एव्हनसाँग

आता जे सांगते ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. सत्र चालू असताना याच चॅपलमध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला एव्हनसाँग म्हणजे गायलेली सांजप्रार्थना असते आणि त्याला तिकीट नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं. कुठल्या दिवशी आहे, रविवारी किती वाजता, ते कॉलेजच्या वेबसाइटवर असतं, अर्धा तास आधी रांगेत उभं राहा. फोन बंद, फोटो नाही, मधे उठायचं नाही. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, एवढंच.

आम्ही आत बसलो तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं, रंगीत काचा हळूहळू काळ्या झाल्या आणि फक्त मेणबत्त्या उरल्या. मग लहान मुलांचा आवाज वर चढला आणि छताला लागून परत खाली आला, शब्द संपला तरी सूर वरतीच राहिला होता. आई घरी रोज दिवेलागणीला शुभंकरोती म्हणते. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, वेळ तीच की गं. सेंट जॉन्स कॉलेजातही सत्रात असं गायन असतं, किंग्जला जमलं नाही तर तिथे जा.

जेवण त्यानंतर लगेच उरका. पबची किचन नऊच्या सुमाराला बंद होतात. शाकाहारी मंडळींची पंचाईत होत नाही, मेन्यूवर व्ही लिहिलेलं असतं, आणि आपल्या चवीचं हवं असेल तर मिल रोडला जा, तिथे देशोदेशीची छोटी हॉटेलं आणि भारतीय किराणा पण आहे.

दुसरा दिवस, सकाळी लवकर

आठला बाहेर पडा आणि सेनेट हाऊससमोर या, किंग्जच्या शेजारीच, पांढरी खांबांची इमारत. गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारे ते रँग्लर आणि त्यात पहिला तो सीनियर रँग्लर, आणि १९०९ पर्यंत हे नंबर क्रमवार जाहीर वाचले जायचे. १८९९ मध्ये इथे दापोलीजवळच्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं नाव पहिलं आलं, दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून, पण सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्यानंतर रँग्लर महाजनी, नारळीकरांचे वडील विष्णू वासुदेव, मग स्वतः जयंतराव, म्हणून तर मराठीत रँग्लर ही जवळजवळ पदवीच झाली. बाबा त्या लोखंडी कुंपणाच्या गजांना धरून उभे राहिले, आजूबाजूला कुणी नाही, एक मुलगी सायकलवरून गेली तेवढीच. त्यांनी सरांचं नाव घेतलं आणि म्हणाले, ते आज हवे होते.

समोरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर १२३ पायऱ्या चढून जाता येतं, गोल अरुंद जिना आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसा. वरून सगळी कॉलेजं पायाखाली दिसतात. मग ट्रिनिटीकडे चाला. मुख्य दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे, त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, कुणीतरी विद्यार्थ्याने कधीतरी बदलला तो तसाच राहिला. उजव्या हाताला हिरवळीवर सफरचंदाचं झाड, न्यूटनच्या गावच्या झाडाचा वंशज. रामानुजन १९१४ ला याच कॉलेजात आले, त्यांची हरवलेली म्हणून प्रसिद्ध वही इथल्या रेन लायब्ररीत आहे, १९७६ ला ती सापडली. लायब्ररी ठराविक थोडा वेळच लोकांना उघडते, आदल्या दिवशी वेबसाइट बघितल्याशिवाय जाऊ नका. पुढचं सेंट जॉन्स हे परांजप्यांचं कॉलेज, तिकीट काढून आत जाता येतं, उसाशांचा पूल म्हणजे ब्रिज ऑफ साइज तिथलाच, १८३१ चा.

नाव

पंट म्हणजे सपाट तळाची लांब नाव, लांब काठी तळाला टेकून ढकलायची. मॉडलिन ब्रिजजवळ किंवा सिल्व्हर स्ट्रीटला धक्के आहेत. किंग्ज परेडवर हातात बोर्ड घेऊन माणसं तिकीट विकायला मागे लागतात, पहिला भाव ऐकून हो म्हणू नका, आमच्याकडून मे महिन्यात एकाने चौघांचे जेवढे घेतले त्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन बरंच स्वस्त पडलं. पहिल्यांदा जाताय तर नावाडी असलेली शेअर्ड पंट घ्या, पाऊण तास, कॉलेजांच्या मागच्या बागा पाण्यावरूनच खऱ्या दिसतात. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर जा, मधे नदीत ट्रॅफिक जॅम असतो. क्लेअरचा पूल १६४० चा, त्याच्यावरच्या दगडी गोळ्यांपैकी एकाची फोड कापल्यासारखी गायब आहे, मोजा. क्वीन्सचा लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज न्यूटनने खिळ्याशिवाय बांधला असं कुणी सांगितलं तर मान डोलवा पण लक्षात ठेवा, न्यूटन गेला १७२७ ला आणि पूल बांधला १७४९ ला. स्वतः चालवणार असाल तर एक नियम, काठी चिखलात अडकली तर सोडून द्या, धरून बसलात तर नाव पुढे जाते आणि माणूस पाण्यात.

उरलेली दुपार

दोन पर्याय आहेत. पाय चालत असतील तर नदीकाठाने ग्रँचेस्टरला जा, तीन किलोमीटरच्या आसपास, कुरणातली वाट, गाई चरत असतात, शेवटी ऑर्चर्ड टी गार्डन, १८९७ पासून फळझाडांखाली खुर्च्या टाकून चहा आणि स्कोन. पाऊस पडून गेला असेल तर चांगले बूट हवेत, वाट चिखलाची होते. आई-बाबांना तेवढं चालवणार नव्हतं म्हणून आम्ही ट्रेनने जवळच्या ईली गावाला गेलो, पंधरा-सतरा मिनिटं. तिथलं कॅथीड्रल सपाट शेतांमधून जहाजासारखं वर आलेलं लांबून दिसतं. १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी त्यांनी अष्टकोनी घुमट उभा केला, त्याच्याखाली उभं राहून वर बघा, मान दुखेपर्यंत.

कपड्यांचं एकच सांगते, इथे पूर्वेकडून सपाट मैदानावरून वारा येतो तो थेट अंगात शिरतो, छत्री उलटी होते, टोपीवालं रेनकोट जॅकेट आणा आणि आत दोन थर. रस्ता ओलांडताना गाडीचा आवाज ऐकू येतो, सायकलचा येत नाही, म्हणून दोन्हीकडे बघा.

निघायच्या आधी ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरच्या फिट्झबिलीजमधून चेल्सी बन घ्या, शंभर वर्षांहून जुनी बेकरी आहे, बन पाकाने चिकट असतो तेव्हा ओले टिश्यू जवळ ठेवा. आणि रविवारी परतत असाल तर सकाळीच नॅशनल रेलवर गाड्या तपासा, रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस देतात, मग ५० मिनिटांचे दोन तास होतात. विमान असेल तर शनिवारीच निघा.